स्कूबाचे सामान आणि १५ किलोंची मर्यादा

स्कूबा डायव्हिंगच्या सामानातील सर्वांत जड दोन वस्तू विमानाने न्याव्या लागत नाहीत: हवेचा सिलिंडर आणि कमरेच्या पट्ट्यातील शिशाची वजने. साधारण ११ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच सुमारे १४ किलोंचा असतो; २०० बार दाबाने भरला की नुसत्या हवेचेच आणखी अडीच किलो वाढतात. भरलेला सिलिंडर प्रवासी विमानात चालत नाही. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील डायव्हिंग केंद्रांत या दोन्ही वस्तू सहसा डाइव्हच्या शुल्कातच मिळतात. मुंबईहून निघणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो बाकीच्या सामानाचा.

तेही हलके नसते. हवा भरून पाण्यात तोल सांभाळणारे जाकीट, म्हणजे बीसीडी, सुमारे साडेतीन किलो भरते. नळ्या आणि प्रेशर गेजसह रेग्युलेटर अडीच किलो, फिन्स आणि बूट तीन किलो, ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट दोन किलो, मास्क आणि किरकोळ वस्तू एक किलो. ही बेरीज १२ किलो होते. देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान नेता येते. चाकांची बॅगच तीन-चार किलोंची असते. म्हणजे सगळे एका बॅगेत कोंबले, तर कपड्यांना जागाच राहत नाही. जास्तीचे वजन लागणार असेल, तर ते आधी ऑनलाइन विकत घेतलेले काउंटरवर भरण्यापेक्षा स्वस्त पडते.

त्यामुळे खरे काम वाटणीचे असते. रेग्युलेटर आणि डाइव्ह कॉम्प्युटर केबिनमध्ये जातात. दोन्ही नाजूक आणि महाग असतात आणि चेक-इनची बॅग आदळण्याची किंवा हरवण्याची शक्यता असते. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात. डाइव्ह टॉर्चची बॅटरी काढून ठेवतात, कारण पाण्यात थंड राहणारा हा प्रखर दिवा बॅगेत चुकून सुरू झाला तर तापून आग लागू शकते. सुरी मात्र म्यानात घालून चेक-इनमध्येच द्यावी लागते.

रेग्युलेटरचा पितळी भाग क्ष-किरण तपासणीत घट्ट गोळ्यासारखा दिसतो. मुंबई विमानतळावर प्रस्तुत लेखकाला त्यासाठी पिशवी उघडावी लागली. तोंडात धरायचा भाग दाखवून ‘समुद्रात श्वास घेण्याचे साधन’ एवढे सांगितल्यावर ती परत मिळाली. तेव्हापासून लेखक रेग्युलेटर सर्वांत वर ठेवतो.

चेक-इनची बॅग भरताना फिन्स दोन्ही कडांना उभ्या लावतात. त्या बॅगेच्या भिंतींना आधार देतात. हवा पूर्ण काढलेला बीसीडी तळाशी पसरतात, वेटसूट त्यावर गादीसारखा घालतात आणि मास्क त्याच्या कडक डबीत घालून मधोमध ठेवतात. बुटांच्या पोकळीत मोजे आणि छोट्या वस्तू मावतात. केबिनमध्ये जाणाऱ्या रेग्युलेटरच्या नळ्या मोठ्या वेटोळ्यात गुंडाळतात. तीव्र कोनात मुडपल्या तर त्यांना टोकाशी चिरा पडू शकतात.

परतीच्या सामानात पाण्याचे वजन वाढते. ओला वेटसूट आणि आत पाणी राहिलेला बीसीडी मिळून किलो-दीड किलो सहज वाढवतात. त्याच वेळी शरीराचाही एक नियम पाळावा लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. डाइव्हनंतर रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन त्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. म्हणून डिकम्प्रेशनचा थांबा न लागणाऱ्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, तर अशाच पण अनेक किंवा सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान टाळण्याची शिफारस आहे. बरेच डायव्हर पूर्ण २४ तास थांबतात.

हाच वेळ सामान वाळवण्यास उपयोगी पडतो. शेवटची डाइव्ह आटोपताच सर्व वस्तू गोड्या पाण्यात धुतात, रेग्युलेटरचे धूळझाकण घट्ट लावूनच तो बुडवतात, बीसीडीच्या आतले पाणी उलटे धरून काढतात आणि सगळे सावलीत टांगतात. परतीचे विमान या हिशेबाने निवडले, तर थांबण्याचा नियम पाळला जातो आणि बॅगेचे वजनही मर्यादेत राहते.