पर्चच्या मागावर

फेब्रुवारीतला ढगाळ दिवस. लंडन ते बर्मिंगहॅम सुमारे 220 किलोमीटर जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्यावर गळवाल्याला आज घाई करून चालत नाही.

पर्च हा अंगावर काळे पट्टे आणि लालसर पर असलेला शिकारी मासा. पुलाखाली, बोटींना वर-खाली नेणाऱ्या लॉकच्या दारांपाशी, काठाला बांधलेल्या बोटींच्या सावलीत तो दबा धरतो. थंड पाण्यात त्याची भूक मंदावते. म्हणून बोटभर रबरी ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, तळालगत हळूच सरकवायचा, थांबायचं, पुन्हा किंचित हलवायचा. दोरीच्या टोकाला वजन असतं, तेही टंगस्टनचं. शिसं गिळून हंस मरत, म्हणून इंग्लंडमध्ये 1987 पासून शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे.

बोट गेली की गाळ उसळतो. नजरेने शिकार करणाऱ्या पर्चला मग ल्यूर दिसेनासा होतो.

दुपारी उशिरा काठीला झटका बसतो. मासा वीतभरच, पण पाठीवरचे काटे ताठ!

1960च्या दशकाच्या अखेरीपासून अल्सरच्या रोगाने इंग्लंडमधले असंख्य पर्च मेले होते. ही जात पुन्हा सावरली, याचं मोल मोठं आहे. गळवाल्यांनो, हात ओले करून मासा धरा आणि लगेच पाण्यात सोडा.