अण्णा, पुंगळी बसत नाहीये!

वीकेण्डला काय केलंस, असं कुणी विचारलं की मी हल्ली सरळ थाप मारते. मूव्ही, ब्रंच, झोप. कारण खरं सांगितलं तर समोरचा हसतो. खरं असं आहे, की मागच्या महिन्यातल्या एका शनिवारची अख्खी संध्याकाळ मी सिरसाळ्यात मामाच्या ओसरीवर बसून काढली. हातात फोन, आणि फोनमध्ये टेक्सासमधल्या एका गॅरेजात अडकलेली पितळेची पुंगळी.

सिरसाळा म्हणजे बीड जिल्ह्यातलं, परळी तालुक्यातलं माझं आजोळ. मामा तिथं एकटा राहतो. आयुष्याची पस्तीस वर्षं त्यानं पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली. तोच तो, १८६९ साली इंग्रजांनी उभारलेला. २००९ मध्ये रिटायर झाला आणि मामीला घेऊन गावी परतला. मामी २०२१ च्या मे महिन्यात गेली, कोविडमध्ये. त्याचा मुलगा, म्हणजे माझा दादा, व्हिसाच्या भानगडीत अडकला आणि येऊ शकला नाही. अंत्यसंस्कार त्यानं फोनवर पाहिले. फोन मीच धरला होता.

त्यानंतर बाप-लेकाचं बोलणं एका ठरलेल्या स्क्रिप्टवर आलं. ‘जेवलास का?’ ‘हो. तुम्ही?’ ‘झालं. पाऊस?’ ‘नाही.’ ‘बरं, ठेवतो.’ चाळीस सेकंद. तुमच्याही घरी असा एखादा फोन होत असेल, तर मी काय म्हणतेय ते कळेल.

आणि त्यात दादाला नवा शौक लागला. तो तिथं रायफल रेंजवर जातो आणि उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्यांमध्ये परत दारू-गोळी भरून घरीच काडतुसं तयार करतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करणारे हौशी लोक लाखांनी आहेत. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय काडतूस बनवलं तर थेट जेल. मामाला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ‘पस्तीस वर्सं गेटवर झडती देऊन घरी आलो मी. एक रिकामी पुंगळी घरात येऊ दिली नाही. आन ह्यो गॅरेजात कारखाना काढतोय!’

तर त्या शनिवारी रात्री आठला, म्हणजे दादाच्या सकाळी साडेनऊला, व्हिडिओ कॉल लागला. ‘जेवलास का’ झालं. ‘पाऊस’ झाला. मी मनात चाळीस मोजत होते. पस्तीसच्या आसपास दादा म्हणाला, ‘अण्णा, एक विचारू? पुंगळी बसत नाहीये.’

मामा गप्प. मग चष्मा लावला. ‘कुठं बसत नाही?’

प्रॉब्लेम असा होता. काडतूस उडतं तेव्हा आतला दाब चौरस इंचाला साधारण साठ हजार पौंडांपर्यंत जातो. पितळ फुगून रायफलच्या चेंबरला चिकटतं आणि दाब उतरला की किंचित आकसतं. पण मूळ मापावर येत नाही. म्हणून ती पुंगळी प्रेसमध्ये लावून पोलादी साच्यातून दाबून परत मापावर आणायची. साच्याला हे लोक डाय म्हणतात. दादानं ते सगळं केलं होतं. तरी दहातल्या तीन-चार पुंगळ्या चेंबरमध्ये घातल्या की बोल्ट जाम बसायचा, हातानं जोर लावावा लागायचा.

‘वंगण?’ मामाचा पहिला प्रश्न. वंगण कमी पडलं तर पुंगळी डायमध्येच अडकून बसते. जास्त झालं तर ते खांद्यावर साचतं आणि तिथं पोचा पडतो. दादानं कॅमेऱ्यासमोर चार पुंगळ्या धरल्या. पोचा नव्हता.

‘लांबी?’ दादानं कॅलिपर लावला. त्याच्या .३०८ रायफलच्या पुंगळीची लांबी ५१.१८ मिलिमीटरच्या पुढं जाता कामा नये. ती आतच होती.

‘मग खांदा बघ.’ पुंगळी वर जिथं निमुळती होते तो तिचा खांदा. मामानं मला आतून पिठाचा गोळा आणायला लावला, खोटं नाही सांगत! गोळा मुठीत दाबला, पीठ वरून बाहेर आलं. ‘डाय अर्धवट खाली आली तर बाजू दाबल्या जातात आणि पितळ वर सरकतं. खांदा खाली जायच्या ऐवजी वर येतो. म्हंजी साच्यातून काढली आन उलट लांब झाली!’ शिवाय पितळ कडक असेल तर प्रेसच किंचित वाकते. डाय आणि खालचा होल्डर टेकलेत असं वाटतं, पण ऐन जोरात मध्ये केसाएवढी फट पडते. दादानं बॅटरी लावून पाहिलं. फट नव्हती. डाय त्यानं आधीच खाली घेतली होती.

आता दादाला आयडिया सुचली. ‘अण्णा, वाचलंय की पितळ तापवून नरम केलं तर नीट बसतं. टॉर्चनं पूर्ण तापवू का?’

मामा ओरडला. गेल्या चार वर्षांत मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

‘बूड तापवायचं नाही! तोंड आन खांदा, बास. बूड नरम झालं तर उडवताना फाटंल, आन सगळा जाळ तुझ्या तोंडावर यील. समजलं का?’

‘समजलं,’ दादा म्हणाला. एकदम लहान मुलासारखा.

मग मामा शांत झाला आणि समजावत बसला. मला यातलं थोडं आधीच माहीत होतं, कारण मी पुण्याच्या तांबट आळीवर एकदा फीचर केलं होतं. पितळ ठोकलं की कडक होतं. ठोकतच राहिलात तर तडकतं. म्हणून तांबट मध्येच भांडं लाल तापवतो, नरम करतो आणि मग पुढं ठोकतो. पुंगळीचंही तेच. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. कारखान्यात पितळेच्या वाटीपासून ती टप्प्याटप्प्यानं ओढत लांब करतात आणि टप्प्यांच्या मध्ये तापवतात. शेवटी फक्त तोंड तापवतात. लष्करी पुंगळीच्या गळ्याशी निळसर झाक दिसते ती त्याचीच खूण.

तोंड तापवलं नाही तर काय होतं, त्याचा किस्सा आपल्याच देशातला आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवायचे. थंडीत बाहेर काढली की पुंगळ्या तडकलेल्या! शेवटी १९२१ मध्ये ब्रिटनमधल्या तीन शास्त्रज्ञांनी कोडं सोडवलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत घडवताना राहून गेलेला ताण. वरून काहीच दिसत नाही, ताण आतच असतो. थोडं तापवून तो काढून टाकला की तडा जात नाही.

‘आता माझं ऐक,’ मामा म्हणाला. ‘काळा मार्कर हाय का? रिकामी पुंगळी पूर्ण काळी कर. वाळू दे. चेंबरमध्ये घाल, बोल्ट बंद कर, उघड, बाहेर काढ. जिथला रंग घासला, तिथं अडतंय. अंदाजानं काय बी ठोकत बसायचं नाही.’

इतकं साधं! दादानं केलं. पुंगळी कॅमेऱ्याजवळ आणली. खांदा काळाच्या काळा. पण अगदी बुडाशी, कडेच्या जरा वर, पितळेचं चकचकीत कडं उघडं पडलं होतं.

मामा खूश. ‘ह्या पुंगळ्या तुझ्या बंदुकीतल्या न्हाईत.’

खरंच नव्हत्या. दादानं दोनशे वापरलेल्या लष्करी पुंगळ्या स्वस्तात घेतल्या होत्या. मशीनगनचं चेंबर जरा सैल असतं, धूळ-मातीतही अडू नये म्हणून. तिथं पुंगळी बुडाशी जास्त फुगते आणि साधी डाय तेवढ्या खालपर्यंत नीट दाबत नाही. त्यासाठी बुडाला घट्ट असणारी वेगळी डाय मिळते. ‘ती घे. पण आधी प्रत्येक पुंगळीत वाकवलेली तार घालून आतून बुडाजवळ फिरव. खाच लागली तर फेक. दहा-वीस रुपयांच्या पितळंसाठी डोळा घालवायचा का?’

दादानं तिथंच तार फिरवायला घेतली. एकेक करून. अकरा पुंगळ्या बाजूला पडल्या. मामा इथून मोजत होता. ‘ती परत बघ. हां. टाक.’ मध्येच तो म्हणाला, ‘तुझी आई असती तर दोघांच्या बी पाठीत धपाटा घातला असता.’ दादा हसला. मग बराच वेळ त्यानं मान वर केली नाही, तार फिरवत राहिला. मामाही काही बोलला नाही. पण फोन कुणीच ठेवला नाही.

एक तास दहा मिनिटं. मी स्क्रीनवर पाहिलं तेव्हा विश्वास बसेना.

रात्री उशिरा मी दादाला मेसेज टाकला, ‘हे सगळं नेटवर दहा मिनिटांत सापडलं असतं ना रे?’ बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, ‘मार्करचं माहीत होतं. बुडाला टॉर्च लावू नये हे खरंच माहीत नव्हतं.’

सकाळी निघताना मामानं माझ्या बॅगेत शेंगदाण्याची पिशवी कोंबली. म्हणाला, ‘पुढच्या टायमाला येताना पुण्याहून एक व्हर्निअर आण. चांगला. त्यो तिकडून माप सांगतो, मला इथं हातात काय तरी पाहिजे की.’

घेतलाय. पुढच्या शनिवारी सिरसाळ्याला नेतेय. वीकेण्डला काय केलंस, असं विचारू नका.