चौदा फुटी

मिनेसोटात तळ्याकाठच्या कितीतरी घरांमागे ती असते. ॲल्युमिनियमची, चौदा फुटी होडी, ओंडक्यांवर उपडी घातलेली, पाठीवर पाइनच्या काड्यांचा थर. रंग कधीच उडालेला. गंज मात्र तिला चढत नाही. उघड्या ॲल्युमिनियमला हवा लागली की ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच खालच्या धातूला जपतो. म्हातारी दिसते, पण असते खणखणीत.

तिचं कूळ विमानांचं. महायुद्ध संपत आलं तशी ग्रुमन ही विमानं बांधणारी कंपनी 1945 साली ॲल्युमिनियमच्या छोट्या नावांकडे वळली. पत्र्यावर पत्रा ठेवून रिव्हेट मारायचे, हे तंत्र विमानाच्या पंखांचंच. मग इथल्याच न्यू यॉर्क मिल्स या खेड्यात 1948 मध्ये लुंडचा होड्यांचा कारखाना निघाला. लाकडी होडीला सांधे बुजवून घ्यायचे असतात, रंग हवा असतो. हिने कुणाकडे काही मागितलं नाही, आणि मला वाटतं, त्यामुळेच तिची हेळसांड झाली.

माझ्याकडे आली ती शेजारच्या आजोबांची. तिला बोलतं करायचा जुना उपाय म्हणजे सुलटी करून ठोकळ्यांवर ठेवायची, आत थोडं पाणी भरायचं आणि खाली आडवं पडून वाट बघायची. एकेका रिव्हेटच्या डोक्याशी थेंब जमतो, लांबतो, पडतो. तिथे मार्करने गोल करायचा. ढिला रिव्हेट घट्ट करायला माणसं दोन लागतात. मी खालून डोक्याला जाड लोखंड टेकवून धरलं, लेकीने आतून हातोडी चालवली. प्रत्येक घाव मनगटात उतरत होता. सगळं अंग तिने असं निमूट ठोकून घेतलं.

सडली होती ती फक्त मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात. पत्र्याआडचं प्लायवूड बोटांनी उकरून निघालं. नवीन फळी घालताना मरीन प्लायवूडच घ्यावं. कीड लागू नये म्हणून तांब्याची औषधं मुरवलेलं लाकूड स्वस्त पडतं, पण ओलाव्यात ते तांबं ॲल्युमिनियम खातं. तळाला लावायच्या तांबंयुक्त रंगाचंही तेच. जिला पाण्याने काही केलं नाही, तिला असल्या काटकसरीने भोकं पडतात.

इंजिनाचा स्वभाव अगदी उलटा. ते एव्हिनरूडचं, पन्नाशीच्या दशकातलं, साडेपाच हॉर्सपॉवरचं. लहानपणी नॉर्वेहून आलेल्या ओले एव्हिनरूडने 1909 मध्ये मिलवॉकीत अशी इंजिनं विकायला सुरुवात केली. आमचं हे जुनी उपेक्षा विसरत नाही. कार्बुरेटरमध्ये राहून गेलेल्या पेट्रोलचा चिकट थर झालेला. चाकाखालच्या कॉइल भेगाळलेल्या, त्यामुळे दोरी कितीही ओढा, ठिणगी नाही. खालच्या गिअरचं तेल ताकासारखं पांढरं, म्हणजे सील गेलं आणि पाणी शिरलं. टाकीची नळीसुद्धा दुपदरी. एका पदरातून इंजिन टाकीत हवा दाबतं, दुसऱ्यातून पेट्रोल वर येतं. झाकणाचं रबर चिरलं की दाब टिकत नाही आणि ते उपाशी बंद पडतं.

पण ते प्रामाणिक आहे. दुखणं लपवत नाही. प्रत्येक भाग साध्या पान्याने उघडतो, कारण बांधणाऱ्यांनी दुरुस्ती गृहीतच धरली होती. कॉइल बदलल्या, पॉइंट घासून फट जुळवली, पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र नवं घातलं, 24 भाग पेट्रोलला 1 भाग टू-स्ट्रोक तेल मिसळलं. पाण्याने भरलेल्या ड्रमात उभं करून दोरी ओढली तेव्हा आधी खोकलं, निळा धूर सोडला आणि मग एकसुरात चालू लागलं. लेक टाळ्या वाजवत होती. मला काही सुचत नव्हतं.

एव्हिनरूडचं उत्पादन 2020 मध्ये बंद झालं, तरी या जुन्या इंजिनांच्या कॉइल, पॉइंट, पंपाचे भाग आजही नवे मिळतात. तुमच्या आसपास अशी एखादी होडी पडून असेल तर भंगारात देण्याआधी एकदा तिच्यात पाणी भरून बघा. आणि तळ्यात उतरवताना मागच्या भोकाचं बूच लावलंय की नाही, ते हाताने चाचपून घ्या.