दुसऱ्या रोहीची वाट

भाऊबीजेला वाशिमहून अकोल्याला जायचं तर एसटी आहे, रेल्वे आहे, शेजाऱ्याच्या चारचाकीत मागची सीटही मिळते. प्रस्तुत चालक मात्र गेली वीसेक वर्षं शंभर सीसीच्या मोटारसायकलवर एकटाच जातो. बहीण दर दिवाळीला फोनवर रागावते, "दादा, आता तरी रेल्वेनं ये. वय काय तुझं?" वय 58. गाडीचं वय विचारू नये.

1 जुलै 1998 रोजी वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. कचेऱ्या वाटल्या गेल्या, सोयरिकी कोण वाटणार? मुली अकोल्यालाच दिल्या जातात, पोरं तिथंच शिकतात, आणि मोठा दवाखाना म्हटलं की बोट अजून अकोल्याकडेच जातं.

वाटा दोन. मोठी वाट मालेगाव, मेडशी, पातूर अशी, राष्ट्रीय महामार्ग 161 ची. दुसरी शेलुबाजार, महान, बार्शीटाकळीवरून जाणारी. चालक ही दुसरी धरतो ती काटेपूर्णेपायी. काटेपूर्णा वाशिमजवळच्या काटा गावाकडे उगम पावते. नावातला 'काटा' तिथलाच. उगमाशी ती इतकी किरकोळ की नदी म्हणायला जीभ धजत नाही. पुढे सागाच्या रानात शिरते, महानला धरणात अडते आणि तिथून अकोल्याच्या नळांना जाते. बहिणीकडे जायचा तिचा आणि चालकाचा रस्ता साधारण एकच. फरक इतकाच, की तिला कुणी रेल्वेनं ये म्हणत नाही.

महानच्या आसपासचं रान म्हणजे काटेपूर्णा अभयारण्य. 1988 साली जाहीर झालेलं, 73 चौरस किलोमीटरांहून थोडं अधिक. ताडोबाशी तुलना करणाऱ्यानं इकडे फिरकू नये. हे कोरडं पानगळीचं जंगल आहे, भेकराचं आणि चौशिंग्याचं. चौशिंगा हा चार शिंगांचा एकमेव रानपशू. शिंगं फक्त नराला, पुढची दोन अगदी खुंटाएवढी. तो कळपात राहत नाही, एकटादुकटाच हिंडतो. वीस वर्षांत चालकाला तो एकदा दिसला, तोही गाडी बंद करून उभा असताना.

मागे बसलेलं माणूस हे नुसतं ओझं नसतं. "अहो, डुक्कर!" असं ओरडणारी ती दुसरी डोळ्यांची जोडी असते. एकट्याला ते ओरडणंही स्वतःच करावं लागतं. ताशी 50 च्या वेगात गाडी एका सेकंदात 14 मीटर जाते, 80 ला 22 मीटर. हात ब्रेककडे जायलाच सेकंद लागतो. तेव्हा रानातल्या वळणावर वेग किती असावा, हे दिव्याच्या उजेडात किती दूरचं दिसतं त्यावर ठरवायचं. स्पीडोमीटर त्यातलं काही सांगत नाही. चालकाचा तर 2011 पासून बंदच आहे.

खरी परीक्षा रोही घेतं. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात. वऱ्हाडात ज्याच्या तुरीत ते रात्रभर चरून गेलं आहे त्याला गाय म्हणवत नाही. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो, म्हणजे या मोटारसायकलीच्या दुपटीच्या आसपास. पहाटे आणि दिवेलागणीला ते धुऱ्यावरून उठून रस्त्यावर येतं. पहिलं रोही पार झालं की नवखा माणूस सुटलो म्हणून गियर टाकतो आणि दुसऱ्याला जाऊन धडकतो. रोही बहुधा एकटं नसतं. म्हणून पहिलं गेलं की थांबायचं, हॉर्न न वाजवता, पाय टेकून, दुसऱ्याची वाट पाहत. कधी दुसरं येतच नाही. थांबलेला माणूस मग वेड्यासारखा दिसतो, तेवढं सोसावं.

हे शिकायला चालकाला रोही लागलं. पडायला मात्र सोयाबीन पुरलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाशिम जिल्ह्यात हडंबे, म्हणजे मळणीयंत्रं, धडधडत असतात आणि गावोगावच्या डांबरी रस्त्याचं खळं होतं. निम्म्या रस्त्यावर पिवळे दाणे वाळत पडलेले, कडेला दगडांची ओळ. एका वर्षी समोरून ट्रॅक्टर आला, चालकानं गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं चाक दाण्यांवर चढलं. सोयाबीनचा दाणा गोल, गुळगुळीत, टणक. चाकाखाली तो सायकलच्या छऱ्यांसारखा फिरतो. हँडल एकदम हलकं झालं, जणू हातात नुसता पाइप आहे. अशा वेळी एक्सलेटर सोडायचा, हँडल सरळ ठेवायचं आणि पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यानं पुढचा ब्रेक दाबला.

शेतकरी धावत आला. आधी चालकाकडे पाहिलं, मग सोयाबीनकडे. दोघांत कुणाला जास्त लागलं याचा अंदाज घेऊन म्हणाला, "लागलं तं नाही ना बावा?" कोपर सोलवटलं होतं, तेवढंच. मग दोघांनी मिळून केरसुणीनं दाणे गोळा केले, आणि त्यानंतर गाडी उचलली. चहाही झाला. रस्त्यावर धान्य वाळवणं चूकच, पण ज्याच्या घरापुढे हातभर सिमेंटची जागा नाही त्यानं ओलं सोयाबीन कुठे पसरायचं, याचं उत्तर कोपर चोळणाऱ्या चालकापाशीही नव्हतं.

शेलुबाजारला समृद्धी महामार्ग आडवा येतो. 701 किलोमीटरांचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन पूर्ण झाला. त्यातले सुमारे 97 किलोमीटर एकट्या वाशिम जिल्ह्यात. मोटारींना ताशी 120 ची मुभा, दुचाकीला बंदी. वन्यप्राण्यांसाठी मात्र त्यावर खालून-वरून वाटा काढल्या आहेत, म्हणजे रोह्याची सोय झाली, मोटारसायकलवाल्याची नाही. चालकाला त्याची खंत नाही. सरळ रस्ता माणसाकडे काही मागत नाही, आणि तासभर काही न मागितलेला माणूस उघड्या डोळ्यांनी पेंगतो. 'महामार्ग संमोहन' हा शब्द गावातल्या चहाच्या टपरीवर पोचला तो समृद्धीमुळेच. महानच्या वाटेवर पेंगायची सवड नाही. दर फर्लांगाला खड्डा, म्हैस, मुरूम किंवा मेंढरं.

एकट्याच्या प्रवासाचं नाव काढलं की टपरीवर कुणीतरी 'वॉकर' वाघाची गोष्ट सांगतोच. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण नर जून 2019 मध्ये निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, सुमारे 1,300 किलोमीटर चालून. 2020 मध्ये कॉलर काढली तोवर आकडा 3,000 च्या पुढे गेला होता. तो जोडीदारीण आणि मुलूख शोधत होता. ज्ञानगंगेत मुलूख मिळाला. वाघीण तिथं नव्हती. चालकाला निदान पोचल्यावर अनारसे मिळतात.

आणि वाघाला जशी कॉलर, तसे याला तीन मिस कॉल. शेलुबाजारला एक, महानला दुसरा, बार्शीटाकळीला तिसरा. बहिणीनं उचलायचा नाही, फक्त मोजायचा. मधल्या रानात रेंज जाते-येते, म्हणून दोन कॉलमधल्या वेळेला तासाभराची सूट धरलेली. ती उलटली तर भाच्यानं गाडी काढायची, असं ठरलेलं आहे. वीस वर्षांत भाच्याला एकदाच निघावं लागलं, सोयाबीनच्या वर्षी. दाणे भरण्याच्या नादात मामा कॉल द्यायलाच विसरला होता.

गेल्या भाऊबीजेला तो बाराच्या आत पोचला. बहिणीनं तांब्याभर पाणी पुढे केलं.

"महानचं का गं?"

"मंग काय काशीचं?"

ओवाळणी संध्याकाळी. म्हणजे मुक्काम, कारण अंधारात परतायचं नाही हे दोघांनाही मान्य. दुसऱ्या दिवशी 9 वाजता, दव वाळल्यावर आणि रोही धुऱ्याआड गेल्यावर, गाडी निघाली. अनारशांचा डबा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं कॅरियरला बांधला होता. बहिणीनं गाठ दोनदा ओढून पाहिली.