मैलापूरचा अस्थिकुंभ

पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांनी चेन्नईस जाण्याचा योग आला. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या आवारात पूम्पावैचे लहानसे देवालय आहे. सर्पदंशाने गेलेल्या या मुलीच्या अस्थी पित्याने कुंभात जपून ठेविल्या. सातव्या शतकातील शैव संतकवी संबंदर यांनी पदे गायिली आणि ती सदेह उठली, अशी कथा आहे. तेथून समुद्राकडे चालत गेले की सान थोमचे चर्च लागते. ख्रिस्ताच्या जखमा पाहिल्यावाचून त्याचे पुनरुत्थान मानावयास जो तयार नव्हता, त्या थॉमसची कबर तेथे असल्याचे भाविक मानतात.

आत्मा अविनाशी, देह केवळ वस्त्र, हे गीतेचे तत्त्व मी आयुष्यभर वर्गात शिकविले. या दोन्ही कथांचे मात्र तेवढ्याने समाधान होत नाही. त्यांना गेलेले माणूसच परत हवे असते. आमच्या तुकोबांनीही मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवासच मागितला.

नाशिकला रामकुंडात अस्थी सोडल्यावर मागे वळून पाहू नये, असे उपाध्यायांनी सांगितले होते. मी पाहिले नाही. तत्त्व खोटे ठरले नाही. शोकाला ते पुरत नाही, एवढेच पूम्पावैपुढे उभा असताना कळले.