दगडातले पान

बदलीचे पत्र हाती पडले की आम्हां धर्मगुरूंना पेटी उघडावी लागते. यंदा तिच्या तळाशी एक करडा दगड सापडला. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत नोकरीस असलेल्या एका धर्मबांधवाने तो पूर्वी आम्हांस भेट दिला होता. ओझे कमी करावे म्हणून तो टाकण्यास उचलला. पण त्यावर उमटलेल्या पानाने आमचा हात अडवला.

या पानाचे नाव ग्लोसोप्टेरिस. ‘ग्लोसा’ म्हणजे जीभ. हा ग्रीक शब्द सेमिनरीत नव्या कराराच्या अभ्यासात आम्हांस भेटला होता. ‘प्टेरिस’ म्हणजे नेचे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रॉन्यार यांनी १८२८ साली हे नाव दिले. पुढे कळले, की हे खरे नेचे नव्हेच. या वनस्पतीला बिया येत. सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी तिची अरण्ये दक्षिणेकडील भूमीवर पसरली होती. मग ती समूळ नष्ट झाली.

अशाच पानांसाठी काही माणसांनी वाहिलेले ओझे आम्हांस आठवले. १७ जानेवारी १९१२ रोजी कॅप्टन स्कॉट व त्यांचे चार सोबती दक्षिण ध्रुवावर पोहोचले. अमुंडसेन त्यापूर्वीच तेथे जाऊन आले होते. परतीच्या वाटेवर डॉ. एडवर्ड विल्सन यांनी बिअर्डमोर हिमनदीलगतच्या खडकांतून पानांचे ठसे असलेले दगड वेचले. पोटात भूक, अंगाला बोचणारी थंडी आणि स्लेज स्वतःच ओढायची. दोघे वाटेतच गेले. उरलेल्या तिघांनी मोजणीचे यंत्र टाकले, कॅमेरा टाकला. परंतु विल्सन यांच्या विनंतीवरून सुमारे १६ किलो दगड अखेरच्या तंबूपर्यंत नेले. नोव्हेंबरात शोधपथकास तिघांचे देह आढळले, आणि ते दगडही.

१९१४ साली सीवर्ड यांनी त्यांतील पाने ग्लोसोप्टेरिसची असल्याचे दाखवून दिले. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथेही हेच पान मिळते. बर्फाचा तो खंड एकेकाळी हिरवा होता आणि आपल्या भूमीशी जोडलेला होता, याची ही साक्ष.

ते दगड टाकले असते तर तिघे वाचले असते का, हे कोण सांगणार? आम्ही वर्षानुवर्षे प्रवचनांतून त्याग शिकवला. काय टाकावे हे सांगणे सोपे. काय शेवटपर्यंत वाहावे, हे ओळखणे आम्हांस अजून जमलेले नाही.

पुस्तकांचा एक गठ्ठा आम्ही मागे ठेवला. दगड पुन्हा पेटीत गेला.