विचारून लावलेली मेणबत्ती

नोव्हेंबर महिना आला की आमच्या घरात एका मेणबत्तीची आठवण निघते. ख्रिस्तसभेने हा महिना परलोकवासी बंधुभगिनींच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे, आणि त्या दिवसांत आपण सर्वच जण आपापल्या आप्तांची नावे प्रार्थनेत घेतो. आमच्या यादीत मात्र आमच्या नात्यात न बसणाऱ्या, आमच्या धर्मातल्याही नसलेल्या एका माउलीचे नाव गेली अनेक वर्षे आहे. ते तेथे कसे आले हे सांगायचे तर आम्हाला आमच्या एका उणिवेची कबुली द्यावी लागेल.

आम्ही तेव्हा खारेपाटणास शिक्षक होतो. मुंबई-गोवा हमरस्त्यावरून जाणाऱ्यांना हे गाव म्हणजे एस.टी. घटकाभर थांबण्याचे ठिकाण. पण एके काळी विजयदुर्गच्या खाडीने गलबते थेट इथवर येत आणि येथली पेठ गजबजलेली असे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा प्रसिद्ध ताम्रपट याच गावचा. एका शैव आचार्याला गावे दान दिल्याचा तो लेख आहे. गावात देवळे आहेत, जुने जैन मंदिर आहे, मुसलमानांचीही वस्ती आहे. शाळेच्या पटावर ख्रिस्ती म्हणून मात्र आमच्याच घरची मुले. रविवारच्या मिस्सेसाठी आम्हाला पहाटे उठून एस.टी. गाठावी लागे. पावसाळ्यात शुक नदी फुगली, बाजारपेठेत पाणी शिरले आणि दुकानदार माल माळ्यावर चढवू लागले, की आमचा रविवार घरच्या आल्तारासमोरच साजरा व्हायचा.

शिक्षकाचे जीवन बाहेरून दिसते तितके संथ नसते. परिपाठ, हजेरीपट, घटक चाचण्या, त्यातच मतदारयाद्यांचे काम. आणि घरी आलो की मातोश्रींचे दुखणारे गुडघे, धाकट्याचे गणित आणि महिनाअखेर जुळता न जुळणारा जमाखर्च. या साऱ्यावर पांघरूण घालणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सायंकाळची तेर्स. मातोश्री ती कोकणीत सुरू करीत, मुले मराठीत उत्तर देत आणि आमच्या सौ. चुलीवरच्या भाताकडे एक डोळा ठेवून दोन्ही भाषांत सामील होत.

इतिहास शिकवताना आम्ही दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांवर एक तास घेत असू. त्यांचे पोंभुर्ले गाव आमच्यापासून जवळच. १८३२ साली त्याच तारखेला त्यांनी 'दर्पण' सुरू केले, हे मुलांना पाठ असे. खारेपाटणचा ताम्रपट वाचून तो विद्वानांपुढे ठेवणारेही तेच, हे सांगितले की मुलांच्या माना अभिमानाने ताठ होत. एक प्रसंग मात्र आम्ही वर्गात कधी सांगितला नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हाही त्याच्यासोबत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि तो अल्पवयीन मुलगा त्यांच्या ताब्यात देण्यात आला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्रींनी सनातन्यांचा रोष पत्करला. नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड झाले आणि जालन्याच्या परिसरात त्यांनी मोठे कार्य केले.

हा प्रसंग आम्ही टाळत होतो, कारण त्यात आमचे मन दोन्ही बाजूंना ओढले जाई. नारायणाची श्रद्धा आम्हाला आपली वाटे. आणि न्यायालयाच्या दारात उभा राहिलेला तो बापही परका वाटत नसे. ही ओढाताण एक दिवस आमच्याच उंबरठ्यावर येईल, अशी कल्पना मात्र नव्हती.

१९९६ सालची गोष्ट. सातवीच्या वर्गातली एक मुलगी आमच्या कन्येबरोबर अभ्यासाला घरी येऊ लागली. तिची आई त्याच पावसाळ्यात वारली होती. वडील खाडीत होडीवर वाळू काढण्याच्या कामाला जात आणि काळोख पडल्यावर परतत. वर्गात ती कधी हात वर करीत नसे. आमच्याकडे मात्र मातोश्रींच्या पायाशी बसून तिला कंठ फुटला. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. तेर्सेची वेळ झाली की आम्ही तिला "बाळ, आता घरी जा" म्हणत असू आणि मातोश्री "बसू दे गो तिला, उपाशी पोर" म्हणून तिला थांबवून घेत. महिना संपेपर्यंत तिला 'प्रणाम मरिया' आमच्या धाकट्यापेक्षा स्वच्छ म्हणता येऊ लागली. खरे सांगायचे तर ते ऐकून आमचे मन सुखावत असे. आम्ही तिला काही शिकवले नव्हते. पण थांबवलेही नव्हते.

२ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आम्ही आल्तारासमोर पाटावर मेणबत्त्या लावल्या. एक आमच्या वडिलांसाठी, एक सासूबाईंसाठी, एक लहानपणीच गेलेल्या आमच्या थोरल्या भावासाठी. मुलगी दाराशी उभी राहून पाहत होती. प्रत्येक मेणबत्ती कोणासाठी हे तिने आमच्या कन्येकडून समजून घेतले. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, माझ्या आईसाठी पण एक लावाल?"

खोक्यात मेणबत्त्या उरल्या होत्या. काडेपेटी आमच्याच हातात होती. आणि आम्ही म्हणालो, "तुझ्या वडिलांना विचारल्याशिवाय नको, बाळ."

ती काही बोलली नाही. चप्पल पायात घालून निघून गेली. त्या रात्री आमच्या घरी कोणी धड जेवले नाही. मातोश्री भिंतीकडे तोंड करून झोपल्या. कन्या तेव्हा बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "पपा, तहानलेल्याला पाणी देताना जात विचारू नये असे तुम्हीच वर्गात सांगता. मग मेणबत्ती देताना का विचारायचे?"

तिला आम्ही उत्तर दिले, आणि ते उत्तर खोटे नव्हते. आम्ही सांगितले की ही मुलगी आमच्याकडे विद्यार्थिनी म्हणून येते. तिच्या बापाने ती आमच्यावर विश्वासाने सोपवली आहे. आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून अजाण मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेण्यास मनाई करते. घर म्हणजे शाळा नव्हे हे खरे. पण त्या मुलीच्या दृष्टीने आम्ही घरीही 'सर'च होतो. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावर जो जाहीरनामा काढला, त्यातही मुलांच्या धर्मशिक्षणाचा अधिकार आईबापांचा म्हटला आहे आणि श्रद्धेचा प्रसार करताना दुबळ्यांच्या बाबतीत विशेष जपावे असे बजावले आहे. आई गेलेल्या बारा वर्षांच्या पोरीहून दुबळे कोण असणार?

कन्या सारे ऐकून घेऊन म्हणाली, "हे सगळे तुम्हाला तेव्हा आठवले होते का?"

वाचकहो, येथेच आमची कबुली आहे. तेव्हा आम्हाला यातले काहीही आठवले नव्हते. काडेपेटी हातात असताना आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो गाव. लोक काय म्हणतील, शिक्षकांच्या खोलीत कोणती कुजबुज होईल, उद्या कोणी तक्रार केली तर नोकरीचे काय, एवढेच त्या क्षणी मनात आले. घटना आणि परिषद नंतर आली. अगोदर आले ते भय. आमच्या तोंडून निघालेला शब्द योग्य असेलही, पण तो ज्या मनातून निघाला ते मन स्वच्छ नव्हते. भय आणि विवेक यांचा पोशाख कधी कधी अगदी सारखा असतो, आणि आपल्या अंगावर कोणता आहे हे आपल्यालाही आरशात पाहिल्याशिवाय कळत नाही. त्या रात्री आमच्या लेकीने आमच्यासमोर आरसा धरला.

दुसरा दिवस रविवारचा. मिस्सेत आमचे लक्ष लागेना. वेदीशी अर्पण घेऊन आला असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम त्याची भेट घे, ही प्रभू येशूची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या सकाळी ती आम्हालाच उद्देशून आहे असे वाटले. सायंकाळी आम्ही खाडीकाठच्या वाडीत मुलीच्या घरी गेलो. वडील ओटीवर जाळे विणीत बसले होते. आम्ही काही न लपवता सांगितले: मुलगी आमच्या प्रार्थनेला बसते, तिला आमच्या प्रार्थना येतात, काल तिने आईसाठी मेणबत्ती मागितली आणि आम्ही नाही म्हटले.

त्यांनी जाळे खाली ठेवले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, तुमी येवन सांगलात तां बरां झालां. दुसऱ्याच्या तोंडातसून कळलां असतां तर वायट वाटलां असतां. आवस गेल्यापासून चेडू हसूक नाय हुतां. तुमच्याकडे येवक लागलां नि हसाक लागलां. लावा मेणबत्ती. पण तिका एक सांगा. तिची आवस हय पण हा, आमच्या तुळशीकडे."

आम्ही खाली मान घालून "सांगतो" म्हणालो. परत फिरताना अंगणात पाहिले. तुळशीपाशी विझलेली पणती होती आणि वातीचे टोक काळे पडले होते. आई गेल्यावर हा माणूस कामावरून परतून रोज ती लावीत असावा. आमच्या घरी दोन महिने ती मुलगी येत होती, पण तिच्या घरी संध्याकाळी कोण दिवा लावते हे आम्ही तिला एकदाही विचारले नव्हते. शिक्षक म्हणून आम्ही तिचे मार्क जाणत होतो. ख्रिस्ती म्हणून तिच्या तोंडची 'प्रणाम मरिया' ऐकून सुखावत होतो. आणि तिचे घर मात्र पाहिले नव्हते.

सोमवारी सायंकाळी मुलीने आमच्या घरी आईसाठी मेणबत्ती लावली. तिच्या वडिलांचा निरोप आम्ही शब्दशः सांगितला. त्या दिवसापासून ती तेर्सेपूर्वी उठू लागली. घरी जाऊन तुळशीकडे पणती लावायची असते, म्हणाली. मातोश्रींना ते थोडे लागले असावे. पण जाताना त्या तिच्या कपाळावर बोटाने खुरीस काढीत, आणि तेवढ्याला मात्र आम्ही कोणाची परवानगी मागितली नाही.

पुढे आमची बदली झाली. आमच्या मातोश्री २००६ सालच्या जानेवारीत देवाघरी गेल्या. पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये स्थापन झाला, त्याला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. मालवण तालुक्यातील आमच्या मूळ गावी दफनविधी होता. माणसे पांगू लागली तेव्हा एक तरुण विवाहिता आपल्या थकलेल्या वडिलांचा हात धरून स्मशानभूमीच्या फाटकातून आत आली. आम्ही ओळखायच्या आधी आमच्या कन्येने तिला ओळखले. थडग्यावर मेणबत्त्या जळत होत्या. तिने पिशवीतून मातीची पणती काढली, वात आणि बाटलीतले तेल काढले आणि आमच्याकडे पाहून हळूच विचारले, "सर, लावू?"

आमच्याच काही नातलगांच्या भुवया उंचावल्या. मागे कोणीतरी कुजबुजलेही. दहा वर्षांपूर्वी ज्या कुजबुजीला आम्ही भ्यालो होतो तीच ही, फक्त या वेळी आमच्या माणसांची. आम्ही धर्मगुरूंकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. खाली वाकले आणि वाऱ्याच्या बाजूने त्यांनी ओंजळ आडवी धरली. पणती लागली.

आज आम्ही सेवानिवृत्त आहोत. श्रद्धेची साक्ष कशी द्यावी, असे तरुण शिक्षक कधी विचारतात. त्यांना देण्यासारखे मोठे उत्तर आमच्यापाशी नाही. मुलाच्या मनाशी वागताना आधी त्याच्या घराचा उंबरठा पाहून यावा, आणि 'नाही' म्हणण्याची वेळ आली तर ते भयापोटी तर नाही ना, हे एकदा स्वतःला विचारावे, एवढेच सांगतो. बाळशास्त्रींवरच्या तासाला श्रीपतीचा प्रसंगही आम्ही पुढे सांगू लागलो होतो, बापाच्या बाजूने आणि भावाच्याही.

यंदाही २ नोव्हेंबरला आमच्या पाटावर त्या खाडीकाठच्या माउलीची मेणबत्ती असेल. दयाळू प्रभू तिला आणि आमच्या मातोश्रींना आपल्या प्रकाशात ठेवो. आणि त्या रात्री आमच्या हातून न लागलेल्या मेणबत्तीची आम्हाला क्षमा करो.